अंगठ्याचं नख

लग्नसराईत फोनवर मेंदीच्या हातांचे फोटो येऊ लागले की माझी नजर आधी अंगठ्याकडे जाते. चार बोटं ऐटीत पसरलेली आणि अंगठा तेवढा आत दुमडलेला, ही बहुतेकदा फोटोपुरती घेतलेली ढब असते. क्वचित तसं नसतं. क्वचित त्या अंगठ्यावरचं नख अर्धंच उगवलेलं असतं, किंवा मधोमध उभं चिरलेलं, किंवा नखाच्या जागी नुसतीच खडबडीत, पातळ कातडी असते. आणि ते लपवायची सवय हाताला शाळेपासून जडलेली असते. नेल-पटेला सिंड्रोम नावाचा हा आनुवंशिक विकार अंदाजे ५०,००० माणसांत एकाला असतो. नखं, गुडघ्याच्या वाट्या, कोपरं आणि कंबरेचं हाड इथे तो दिसतो किंवा जाणवतो. मूत्रपिंडात आणि डोळ्यांत तो कुणाला कळू न देता काम करतो. दुर्मीळ आहे म्हणून डॉक्टरांच्या नजरेतून तो निसटतो, हे खरंच आहे. पण माझं म्हणणं असं की त्याहून अधिक तो निसटतो ते आपण त्याला घरचाच एक करून टाकतो म्हणून.

बारशाला जमलेल्या बायका बाळाचे अवयव वाटून घेतात. नाक आत्याचं, कपाळ आजोबांचं, जावळ मामाचं. त्यात कुणी बाळाची मूठ उघडून अंगठा पाहिलाच, तर त्याचंही उत्तर तयार असतं: आमच्याकडे सगळ्यांची नखं अशीच, ही थेट आजीवर गेलीय. या वाक्यात माया आहे, आणि ते वाक्य खरंही आहे. आजीकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलीकडे जे आलं ते तिथे अचूक ओळखलं गेलं आहे. फक्त ओळख पटल्यावर शोध संपतो. एरवी कुठलंही व्यंग अनोळखी असतं म्हणून भीती वाटते आणि माणूस दवाखाना गाठतो. इथे ते ओळखीचं असतं म्हणून कुणीच गाठत नाही. आणि हे नख किती बोलकं आहे पाहा. विकार असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांच्या, नखांत काहीतरी सापडतं, तेही बहुधा जन्मापासून. अंगठ्यावर सर्वांत जास्त, मग तर्जनीवर, आणि करंगळीकडे जावं तसतसं कमी. एकाच नखातही करंगळीच्या बाजूचा भाग जास्त बिघडलेला. नखाच्या मुळाशी जो पांढरा चंद्र असतो तो अर्धगोल नसून टोकदार, त्रिकोणी असतो. बोटाच्या शेवटच्या पेरावर, वरच्या अंगाला ज्या आडव्या सुरकुत्या सगळ्यांना असतात, त्या इथे नसतात. ती जागा गुळगुळीत. यातलं काहीही पाहायला यंत्र लागत नाही. खिडकीपाशी उजेडात हात धरला तरी पुरे.

नख आणि गुडघ्याची वाटी यांचा एकमेकांशी संबंध काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर मिळालं १९९८ साली, आणि ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं. गर्भात हातापायांच्या कळ्या फुटतात तेव्हा त्यांना पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवावं लागतं. तळहात कुणीकडे, त्याची पाठ कुणीकडे. तळपाय कुठे, नखं कुठे. पाठीकडच्या बाजूला ‘तू पाठ आहेस’ असं सांगणारं एक जनुक आहे, एलएमएक्सवनबी नावाचं. उंदरांमध्ये त्याच्या दोन्ही प्रती बंद केल्या तेव्हा पंजाच्या तळाला ज्या गाद्या असतात त्या पंजाच्या पाठीवरही उगवल्या. त्या पंजाला पाठ अशी उरलीच नाही, दोन्हीकडे तळच. माणसाच्या या विकारात दोनपैकी एक प्रत निकामी असते, दुसरी चालू असते. म्हणून पाठ तयार होते, पण अपुरी. नख हे बोटाच्या पाठीवरचं, वाटी ही गुडघ्याच्या त्याच अंगाची, पेरावरच्या सुरकुत्याही तिथल्याच. विस्कळीत वाटणारी लक्षणं एका रांगेत उभी राहतात. हेच जनुक मूत्रपिंडातल्या गाळणीच्या पेशींना लागतं आणि डोळ्याचा पुढचा भाग घडवायलाही लागतं. तेव्हा अंगठ्यावरचं अर्धं नख ही नखाची तक्रार नव्हेच. त्या जनुकाचा कारभार शरीरात जिथे जिथे चालतो तिथे जाऊन एकदा पाहा, असं ते सांगत असतं.

इथे लंडनमधली एक जुनी गोष्ट मध्येच सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५५ साली युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गॅल्टन प्रयोगशाळेत जेम्स रेनविक आणि सिल्व्हिया लॉलर यांनी नेल-पटेलाच्या कुटुंबांचे रक्तगट मांडले. त्यांना दिसलं की एखाद्या घराण्यात हा विकार, समजा, बी गटाबरोबर खाली उतरत असेल तर त्या घराण्यात तो बहुतेक बी गटाबरोबरच उतरत राहतो. दुसऱ्या घराण्यात तो ओ गटाबरोबर जाईल, पण तिथे ओबरोबरच. दहातल्या नऊ वेळा जोडी टिकते, एखाद्या वेळी तुटते. म्हणजे दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी असली पाहिजेत. ते गुणसूत्र नववं, हे पुढे कळलं. अशी शेजारं शोधण्याचा पायंडा त्याच कॉलेजात ज्युलिया बेल आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३७ मध्ये घातला होता, रंगांधळेपणा आणि हिमोफिलियाची जोडी दाखवून.  माणसाच्या गुणसूत्रांचा नकाशा रेखाटायला सुरुवात झाली तेव्हाच्या अगदी पहिल्या खुणांमध्ये हा विकार आहे. ज्या माणसांनी आपली वाकडी नखं आणि थोडं रक्त रेनविक आणि लॉलर यांच्यासमोर धरलं, त्यांना त्या बदल्यात औषध मिळालं नाही. आनुवंशिकीच्या पुस्तकांत रेनविक-लॉलर यांची नावं राहिली; त्या कुटुंबांबद्दल मला अधिक ओढ वाटते.

रोजच्या जगण्यात हा विकार नखांनी फार छळत नाही. छळतो गुडघा आणि कोपर. वाटी लहान असते, कधी नसतेच, कधी जागेवरून बाहेरच्या अंगाला सरकते. ज्या समाजात मांडी घालून जेवायचं, उकिडवं बसून भांडी घासायची आणि शौचालाही तसंच बसायचं, तिथे याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. कोपराचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. हात पुरता सरळ होत नाही आणि पंजा पुरता उताणा वळत नाही. आता देवळात तीर्थ घेताना काय करावं लागतं ते आठवून पाहावं: उजव्या हाताचा तळवा सपाट वर, त्यात खोलगा. ज्याचा पंजा अर्ध्यावर अडतो तो खांदा खाली पाडतो, अंग एका बाजूला कलतं करतो, तरी तीर्थ मनगटावरून ओघळतं. मग शेजारचं कुणीतरी म्हणतं, हात नीट धर. कवायतीच्या तासाला हेच, सूर्यनमस्काराला हेच. अशा मुलाला आळशी किंवा वेंधळा ठरवणं हा मला या विकारातला सर्वांत अकारण अन्याय वाटतो, कारण तो जनुकाने केलेला नाही. कायदाही इथे फारसा कामाला येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले मुख्य लाभ ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यावर मिळतात. थोडा अडणारा कोपर, थोडा निसटणारा गुडघा आणि लघवीतलं थोडं प्रथिन असं सगळं थोडंथोडं असलेल्या माणसाला तो आकडा गाठणं कठीण.

यावर सरळ आक्षेप येतो: उपाय नाही, जनुक दुरुस्त करता येत नाही, मग नाव कळून करायचं काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो घेणारी माणसं बेफिकीर नसतात, थकलेली असतात. पण तो टिकत नाही, आणि का टिकत नाही हे मेडिकलच्या दुकानात दिसतं. गुडघा दुखतो, पाठ दुखते. म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची पट्टी चिठ्ठीशिवाय घेतली जाते, महिनोन्‌महिने. वेदनाशामक गोळ्यांचा हा वर्ग रोजच्या वापरात मूत्रपिंडाला जड जातो, आणि या माणसांची मूत्रपिंडं आधीच जोखमीत असतात. साधारण एक-तृतीयांश ते निम्म्या जणांच्या लघवीतून कधी ना कधी प्रथिनं जाऊ लागतात. शंभरातल्या पाचदहा जणांची मूत्रपिंडं अखेर निकामी होतात. म्हणजे विकारानेच दिलेलं दुखणं माणसाला अशा गोळीकडे नेतं, जिचा घाव त्याच विकाराच्या सर्वांत नाजूक जागी बसतो. नाव ठाऊक असलेला डॉक्टर ती गोळी थांबवेल आणि दुसरी देईल. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तदाब तपासेल. प्रथिनं दिसली तर ती कमी करणारी रक्तदाबाची औषधं लवकर सुरू करेल. गरोदरपणात विशेष लक्ष ठेवेल, कारण प्रथिनांचं जाणं तेव्हा वाढू शकतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची झाली तर आधी एमआरआय काढून घेईल, कारण आतली रचना पुस्तकातल्यासारखी नसण्याचा संभव असतो. उपाय नाही हे जनुकापुरतं खरं आहे. मूत्रपिंडापुरतं ते खरं नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, कारण तो खरा आहे. नाव लागलं की मुलीचं लग्न अडतं. ‘आमच्याकडे नखं अशीच’ या वाक्याआड जे झाकलं जातं, ते उघडं पडलं तर सासरी बोट दाखवायला जागा मिळते. शिवाय विकार असलेल्या आई किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, हा हिशेब कुणालाही घाबरवेल. मी हे नाकारत नाही. एवढंच म्हणते की झाकलेलं कारण आईच्या माथी मारलं जातं, उघड झालेलं तितक्या सहज मारता येत नाही. हा विकार बापाकडून तितकाच येतो जितका आईकडून, मुलाला तितकाच होतो जितका मुलीला. आणि दहातल्या एखाद्याच्या घराण्यात तर तो आधी कुणालाच नसतो, त्याच्यापासूनच सुरू होतो. डोहाळे कसे पाळले, ग्रहण कसं पाहिलं, या चौकश्या ज्या आयांना ऐकाव्या लागल्या त्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. गर्भ रुजवण्यापूर्वीच त्याची जनुकीय तपासणी करता येते, घराण्यातला नेमका बिघाड माहीत असला तर. ती करायची की नाही हा त्या जोडप्याचा प्रश्न आहे आणि त्यात बाहेरच्याने पडू नये. पण ज्यांनी हा विकार अंगावर घेऊन नोकऱ्या केल्या, मुलं वाढवली, म्हातारपण पाहिलं, अशी माणसं आहेत. त्यांच्या असण्याला चूक समजून कुणी ती तपासणी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

पैशांचा आक्षेप चटकन निकालात निघतो. गरीब देशाने ५०,००० तल्या एकासाठी काय करावं, असं विचारतात. पण इथे मागितली जाते ती लघवीची तपासणी, डोळ्याचा दाब आणि नखांकडे टाकलेली नजर. डायलिसिसच्या एका महिन्यात अशा तपासण्यांची कित्येक वर्षं निघतील.

आणि तपासणी करायची तर ती वर चढत जायला हवी, हे मला अलीकडे जास्त पटू लागलं आहे. निदान बहुधा एखाद्या लहान मुलापासून सुरू होतं, मग त्याची भावंडं, फार तर आईवडील. तिथून पुढे कुणी जात नाही. पण ज्या आजीवर ती मुलगी ‘थेट गेलीय’, तिचं काय? तिचे गुडघे आयुष्यभर दुखले ते पाणी वाहून, चुलीपुढे बसून, वयामुळे, असंच सगळ्यांनी धरलं, तिनेही. एकाच घराण्यात हा विकार कुणाला नखांपुरता तर कुणाला मूत्रपिंडापर्यंत जातो, त्यामुळे तिला काही झालं नाही म्हणून नातीला होणार नाही, असं म्हणता येत नाही; आणि तिला काही झालंच नाही, हे तरी कुणी पाहिलंय? या माणसांना काचबिंदू इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आणि लहान वयात होतो. सत्तरीच्या बाईला कमी दिसू लागलं तर घरातले मोतीबिंदू पिकायची वाट पाहतात, कारण मोतीबिंदूत थांबलं तरी चालतं, शस्त्रक्रिया करून दृष्टी परत येते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब घालून राहिलेली तेवढी राखता येते. तेव्हा नातीला डॉक्टरांकडे नेताना त्याच रिक्षात आजीलाही बसवावं आणि तिच्या डोळ्यांचा दाब त्याच दिवशी मोजून घ्यावा.