बॅटरी बदलण्याआधी

गाडी सुरू झाली नाही की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात : बॅटरी गेली, नवीन टाका. डिसेंबरात आमच्या गाडीनं सेल्फ घेतला नाही तेव्हा मलाही हेच ऐकायला मिळालं. एका गॅरेजवाल्यानं तर गाडी न बघता, फोनवरच नव्या बॅटरीचा भाव सांगितला. पण आमची बॅटरी अजून वॉरंटीत होती आणि घरात बाबा होते. त्यांची सगळी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून गेली. निवृत्तीनंतरही त्यांचा मल्टीमीटर कपाटात हाताशी असतो. ते म्हणाले, "अगं, अंदाज नको सांगूस. आकडा सांग."

आधी त्यांनी विचारलं, किल्ली फिरवल्यावर आवाज कसा येतो? टकटकटकटक असा भराभर येतो म्हटल्यावर त्यांना बरंचसं कळलं. स्टार्टरपर्यंत हुकूम पोचतोय, पण त्याला करंट पुरत नाही. एकदाच 'टक्' होऊन थांबलं असतं, तर स्टार्टरवर किंवा सैल जोडावर संशय गेला असता. दिवे लख्ख लागताहेत आणि आवाज मात्र काहीच नाही, असं असतं तर शोध किल्लीच्या स्विचपासून सुरू करावा लागला असता.

खाली पार्किंगमध्ये जाऊन बोनेट उघडलं. पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड जमली होती. दहा नंबरच्या पान्यानं आधी निगेटिव्हची क्लिप काढली, मग पॉझिटिव्हची. हा क्रम बाबा कधीही मोडू देत नाहीत. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह तशीच ठेवून पॉझिटिव्हवर पाना चालवला आणि तो पत्र्याला टेकला, तर तिथंच ठिणगी उडते. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनलवर ओतला, तशी पूड फसफसून विरघळली. जुन्या टूथब्रशनं घासून, कोरडं करून व्हॅसलीनचं बोट फिरवलं.

मीटर लावला : 11.3. गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेला प्रत्येक सेल साधारण 2.1 व्होल्ट देतो. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, निम्मी उतरली की 12.2. आमची पार रिकामी झाली होती.

शेजारच्या काकांनी जंपर केबल पुढे केली. गाडी तेवढ्यानं सुरू झालीही असती, पण बाबा नको म्हणाले. अल्टरनेटर चालत्या गाडीला पुरवठा करण्यासाठी असतो. तळाला गेलेली बॅटरी भरण्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही. (रस्त्यात अडल्यावर जंप घ्यावाच लागतो. तेव्हा काळ्या वायरचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता तिच्यापासून दूर, इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावावं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडाला ठिणगी हमखास उडते.) या हायड्रोजनमुळेच आम्ही चार्जर घरात न लावता गॅलरीत लावला. 35 अँपिअर-तासांची बॅटरी, साडेतीन अँपिअरचा करंट, रात्रभर.

सकाळी चार्जर काढून दोन-तीन तास तिला तसंच ठेवलं, कारण चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर फुगलेला आकडा दाखवतो. मग 12.6 आले. गाडीत बसवून सेल्फ मारला, तेव्हा व्होल्टेज 10.4 पर्यंत उतरलं, 9.6 च्या खाली गेलं असतं तर बॅटरी थकली असं समजायचं. इंजिन चालू असताना 14.2. म्हणजे अल्टरनेटरही ठणठणीत.

मग उतरली कशानं? मला खरा रस इथून पुढं वाटला. बहुतेक जण इथवर येऊन गाडी काढतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथंच अडतात.

मीटर अँपिअरवर घेतला, लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घातली आणि निगेटिव्हची क्लिप व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला. आता गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जाणार. अशा वेळी सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूजच उडतो. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं 'बंद' केलं, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं आणि फ्यूजबॉक्सपर्यंत हात पोचतो. किल्ली बाबांनी खिशात घालून लांब नेली. आकडा सुरुवातीला दोन अँपिअरच्या पुढं होता, मग पायरी-पायरीनं खाली आला आणि 0.41 वर थबकला. अर्धा तास थांबलो, तरी 0.41.

बंद गाडीत घड्याळ, सेंट्रल लॉक वगैरेंसाठी थोडा करंट लागतोच, पण तो 0.05 च्या आत हवा. 0.41 म्हणजे दिवसाला जवळपास 10 अँपिअर-तास. रात्रभर एखादा नळ बारीक सुटा राहिला की सोसायटीची टाकी जशी सकाळी कोरडी, तसंच हे. आमची गाडी रविवारपुरती बाहेर पडते, त्यामुळे चार दिवसांत बॅटरीचा निकाल लागत होता.

मी एकेक फ्यूज काढत गेले, बाबा बोनेटपाशी उभे राहून आकडा वाचत होते. "तेवढाच... तेवढाच..." म्युझिक सिस्टिमचा फ्यूज निघाला आणि ते म्हणाले, "0.02. थांब!" सीटखाली हात घातला. गाणं बंद, किल्ली बाहेर, तरी अँप्लिफायर हाताला कोमट लागला. त्याला चालू-बंद करणारी निळी वायर सिस्टिमच्या निळ्या वायरला जोडायची असते. बसवणाऱ्या दुकानात ती कायम करंट असलेल्या पिवळ्या वायरला पिळून वर टेप गुंडाळली होती. बाबांनी ती सोडवली, जिथं हवी तिथं जोडली. फ्यूज परत लावला, आकडा 0.02 वरच राहिला. त्यानंतर त्याच बॅटरीवर गाडी पुण्याचा उन्हाळाही काढून गेली.

निकामी झालेली बॅटरी बदलावीच लागते, आणि जुनी भंगारात न टाकता विक्रेत्यालाच परत द्यावी, आत शिसं असतं. पण चांगली बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडली, तर तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती खरोखरच जाते. म्हणून उतरली की लगेच भरा. आणि गाडीत म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, ट्रॅकर असं काहीही बाहेरून बसवून घेतलं असेल, तर गाडी बंद करून अर्ध्या तासानं हा करंट एकदा मोजून घ्या. दुकानातून गाडी हलवण्याआधी दुकानदाराकडूनच मोजून घेतलात तर उत्तम.