सातवा वॉशर

ज्या घरांत चार पिढ्या लेखणीवांचून दुसरें हत्यार शिरलें नाहीं, त्या घराच्या दाराशीं एका रविवारीं मोटारीचें इंजिन उघडें पडावें, हें आमच्या मातुश्रींस मुळींच रुचलें नाहीं. "अरे, मेकॅनिक का थोडे आहेत गांवांत?" असें त्यांनीं दोनदां विचारलें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि मत त्यांच्याहून फारसें निराळें नव्हतें.

आम्ही राहतों तें नवी मुंबईंतील बेलापूरचें आर्टिस्ट व्हिलेज. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोसाठीं वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनीं १९८०च्या दशकांत ही वसाहत आंखली. सात सात घरांच्या मध्यें एक सामाईक अंगण आणि एका घराची भिंत दुसऱ्यास लागलेली नाहीं. रहिवाशानें ऐपतीप्रमाणें आपलें घर आपणच वाढवीत जावें, हा त्यांतील हेतु. त्याप्रमाणें दोघां भावांच्या संसारांसाठीं आम्हीं घर वाढविलें खरें. पण त्या सर्व काळांत थापी कधीं हातीं धरली नाहीं. गवंड्याच्या डोक्याशीं छत्री घेऊन उभें राहणें, एवढेंच आमचें कर्तृत्व!

अशा घरांत दादांच्या मुलानें इंजिनिअरिंग कॉलेज दुसऱ्या वर्षीं सोडलें आणि सरकारी आय.टी.आय.मध्यें 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास नांव घातलें. तेव्हांपासून बापलेकांत कामापुरतेंच बोलणें राहिलें. नातलगांनीं चौकशी केली कीं दादा म्हणत, "तो टेक्निकल लाईनला आहे," आणि विषय बदलीत.

आमच्या जुन्या, तीन सिलिंडरच्या मोटारीस दोन महिने एक खोड लागली होती. सिग्नलपाशीं थांबली कीं इंजिन कधीं उगाच भरधाव फिरे, तर कधीं धापा टाकून बंद पडे. दोन ठिकाणीं पैसे गेले, खोड राहिली. पुतण्यानें मात्र बॉनेट उघडून आधीं नुसता कान दिला. मग चालत्या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यावर त्यानें साबणाचें पाणी शिंपडलें. फेंस आंत ओढला गेला आणि क्षणभर इंजिनाचा सूर बदलला. "काका, पॅकिंग गेलंय," तो म्हणाला.

मॅनिफोल्ड म्हणजे प्रत्येक सिलिंडरास हवा वांटून देणारी ओतीव नळ्यांची जोडणी. पेट्रोल नीट जळावयास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. आणि इंजिन संथ चालत असतां या नळ्यांतील दाब बाहेरच्या दाबाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. त्यामुळें सांध्यांत केसाएवढी फट पडली तरी बिनहिशेबी हवा आंत घुसते आणि सारें प्रमाण बिघडतें. एकत्र कुटुंबाचा संसार चालविणाऱ्या वाचकभगिनींस हें निराळें समजावून सांगावयास नको.

शनिवारीं रात्रींच पुतण्यानें गाडींतील इंधनपंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालविलें होतें, म्हणजे नळींत पेट्रोलाचा दाब उरूं नये. खाडीच्या खाऱ्या हवेनें दोन नट गंजले होते, त्यांवर गंजतेल सोडून ठेविलें. सकाळीं बॅटरीची ऋण तार प्रथम सुटी केली. कूलंट बादलींत काढून तिजवर झांकण घातलें. तें गोडसर असतें, मांजरें चाटतात आणि मरतात. प्रत्येक नळीस व तारेस आंकड्याची चिठ्ठी बांधली. मग बाहेरचे नट आधीं आणि मधले शेवटीं, अशा क्रमानें तो सोडूं लागला. दहाचा, बाराचा पाना हातीं देणें आणि निघालेले नट व वॉशर ताटलींत ठेवणें, हें आमचें काम.

मॅनिफोल्ड निघाला. तीन काळीं तोंडें दिसूं लागलीं. "फडकीं आणतों, तोंडं बुजवल्याशिवाय तिथं हात लावूं नका," असें बजावून पुतण्या आंत गेला. एकतीस वर्षें वर्गांत शिकविलेला मनुष्य स्वस्थ कसा बसणार? एका स्टडवर चिकटून राहिलेला वॉशर आम्हीं बोटानें सोडविला. तो निसटला, 'टिक्' असा आवाज झाला आणि मधल्या तोंडांत दिसेनासा झाला.

वाचकहो, त्या क्षणीं मनांत जें आलें तें लिहावयास लाज वाटते, तरी लिहितों. मनांत आलें तें हेंच, कीं गप्प बसावें. कोणी पाहिलें नव्हतें. दादा ओटीवर वर्तमानपत्राआड होते. पुढें इंजिन मोडतें तर दोष कोणाच्या माथीं बसता, हेंहि आम्हांस कळत होतें: पोरानें कॉलेज घालविलें, आतां गाडीहि घालविली!

पुतण्या आला आणि त्यानें ताटली मोजली. "सात नट, सहा वॉशर. काका, एक कमी आहे." तो गुडघे टेकून जमीन शोधूं लागला. त्याला तसें वांकलेलें पाहून आम्हांस राहवलें नाहीं. "अरे, माझ्या हातून पडला, मधल्या तोंडांत," आम्हीं म्हटलें.

तो रागावला नाहीं. "बरं झालं सांगितलंत. आतां इंजिन तसूभरही फिरवायचं नाहीं." त्या सिलिंडराची झडप मिटलेली असली तर वॉशर तिच्या पाठीवर बसलेला असेल, उघडी असली तर तो आंत गेला, आणि मग सबंध हेड उतरविल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें त्यानें सांगितलें. बॅटरीच्या प्रकाशांत पाहिलें. झडप मिटलेली होती. लवचिक दांडीच्या टोकाशीं बसविलेलें लोहचुंबक त्यानें तीनदां आंत घातलें. तिसऱ्या खेपेस वॉशर बाहेर आला.

"आणि राहिला असता तर?" मागून प्रश्न आला. दादा केव्हां येऊन उभे राहिले, आम्हांस कळलें नव्हतें.

"झडप, पिस्टन, दोन्ही गेलं असतं, बाबा."

मुलाच्या विद्येविषयीं दादांनीं विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर ऐकून ते परतले नाहींत. ॲल्युमिनियमवर ओरखडा उमटूं नये म्हणून पुतण्यानें जुनें पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीनें खरवडलें, नवें बसविलें, आणि मधून बाहेर अशा क्रमानें तीन फेऱ्यांत नट आवळले. कोणता नट किती आवळावयाचा, तो आंकडा गाडीच्या पुस्तकांतून दादा चष्मा लावून वाचून दाखवीत होते. पडलेला वॉशर पुसून त्याच स्टडवर गेला.

चार वाजतां इंजिन सुरू झालें आणि एकसारखें चालत राहिलें. "आतां तरी जेवणार का कोणी?" असें मातुश्रींनीं खिडकींतून विचारलें.

मनुष्यास भीड घालतां येते, यंत्रास येत नाहीं. ताटलींत जें कमी पडलें तें तें केव्हां तरी मागून घेतेंच. हें आम्हीं मुलांना पुष्कळदां शिकविलें होतें. शिकलों मात्र त्या रविवारीं. गेल्या महिन्यांत एका लग्नांत कोणी पुतण्याची चौकशी केली, तेव्हां दादा 'टेक्निकल लाईन' म्हणाले नाहींत. "मेकॅनिकचं शिकतो आहे," ते म्हणाले, "आणि मोजून काम करतो."