हिवाळ्यातील हरळी

कळमना म्हटले की आजच्या नागपूरकराच्या डोळ्यांपुढे बाजार समितीचे आवार, मालमोटारींच्या रांगा आणि हिवाळ्यात दूरवर दरवळणारे संत्र्यांचे ढीग उभे राहतात. परंतु माझ्या बालपणी आमच्या मागच्या दारापासूनच शेते सुरू होत असत, आणि त्या काळ्या रानात माझ्या वडिलांचे हाडवैर कोणाशी असेल तर ते हरळीशी होते. उन्हाळवाही करताना नांगराच्या तासातून निघालेल्या तिच्या पांढऱ्या, गाठाळ कांड्या वेचून ते वैशाखाच्या उन्हात वाळवीत आणि धुऱ्यावर जाळून टाकीत. तरी मातीत राहून गेलेल्या एखाद्या बोटभर तुकड्यातून मृगाच्या सरींबरोबर नवा कोंब वर येईच. त्याच धुऱ्यावरून आई भाद्रपदात गणपतीसाठी एकवीस दूर्वांची जुडी खुडून आणी. एकाच गवताला घरात मिळणारा मान आणि रानात मिळणारी शिक्षा यांत आम्हांपैकी कोणालाच विसंगती वाटत नसे.

या गवताशी माझा दीर्घ संबंध जडला तो मामांमुळे. इंग्रजांनी १८२१ साली कन्हानच्या काठी वसविलेल्या कामठीच्या छावणीत, गोल्फच्या मैदानावर ते माळी होते. हिंदुस्थानच्या कोरड्या मुलखातील कित्येक मैदानांवर पूर्वी भोकाभोवतीच्या गवताच्या ‘ग्रीन’ऐवजी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ करून खेळण्याचा प्रघात होता; मामांच्या हवाली मात्र खरीखुरी हरळी होती, आणि वडील जिचा निर्वंश करू पाहत तिचीच मामा पोटच्या पोरासारखी निगा राखीत. पौषातल्या पहाटे लांब, लवचीक बांबूची काठी ग्रीनवरून आडवी फिरवून ते दव झाडीत, कारण पात्यांवर ओल फार वेळ राहिली की बुरशीचे ठिपके पडतात. त्यांच्या मागोमाग चालताना मी एकदा पिवळ्या पडलेल्या गवताकडे बोट दाखवून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “थंडीत हरळी मरत नाई बापू, निजते. निजलेल्याले उठवू नोको.”

पुढे त्याच मैदानाच्या दफ्तरात मला कारकुनी मिळाली, आणि हजेरीपट, वाळू-खताची आवक-जावक व अवजारांची मोजदाद सांभाळता सांभाळता हिवाळ्याचा सारा कारभार मी कागदावर आणि जमिनीवर असा दोन्हीकडे पाहिला. रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरू लागला की हरळी वाढ आवरते आणि आपला अन्नसाठा भूमिगत कांड्यांत राखून ठेवते. अशा वेळी कापणीची उंची एक-दोन मिलिमीटरने वाढवावी लागते. कोवळी फूट थंडीत होरपळू नये म्हणून नत्र बंद करावे लागते, आणि पाणी द्यायचे ते ऊन वर आल्यावर, तेही मोजके. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि ओल सरली की आक्रसून भेगाळते. म्हणून कन्हानची वाळू बारीक चाळून त्या भेगांत भरीत असत.

यांतले सर्वांत नाजूक काम चेंडूच्या भोकाची जागा बदलण्याचे. १०८ मिलिमीटर व्यासाचे हे भोक पोलादी नळ्याने पाडतात, आणि निघालेला मातीचा गवतासकट गड्डा जुन्या भोकात बसवून पायाने नव्हे, हाताने सपाट करतात. उन्हाळ्यात तो सांधा थोड्याच दिवसांत जुळून येतो. हिवाळ्यात तो फाल्गुनापर्यंत वणासारखा दिसत राहतो. म्हणून जुने माळी प्रत्येक ग्रीनचा नकाशा मनात बाळगून, ज्या जागेला विश्रांती मिळाली आहे तिथेच नवे भोक पाडीत.

दुपारी कापणीयंत्रांची दुरुस्ती चाले. रिळाची पाती कुरुंदाचा लेप लावून उलटी फिरवायची, मग खालच्या आडव्या पात्याशी त्यांचा मेळ बसवायचा. मेळ बसला की नाही याची परीक्षा मिस्त्री दफ्तरातील रद्दी कागदाच्या पट्टीने घेई. पट्टी दोन पात्यांमध्ये धरून रीळ हाताने सावकाश फिरवायचे. ती कातरल्यासारखी तुटली तर यंत्र पास, चुरगळली तर पुन्हा सारे पहिल्यापासून. बोथट पाते गवत कापीत नाही, फाडते, आणि फाटलेले टोक पांढरे पडून सुकते, हे मी तिथे गुडघ्यावर बसून पाहिले आहे.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे टॉम मॉरिस या थोर मैदानरक्षकाने गेल्या शतकाच्याही आधी हिरवळीवर वाळू पसरण्याची पद्धत रूढ केली, आणि रविवारी खेळ बंद ठेवून जमिनीला विसावा देण्याचा तेथील परिपाठ ‘ओल्ड कोर्स’ या मैदानावर आजही पाळला जातो. इतक्या दूरच्या, निराळ्या हवापाण्याच्या माणसाचे आणि माझ्या मामांचे या बाबतीत एकमत असावे, याचा मला नेहमीच आनंद वाटत आला आहे. याउलट अमेरिकेच्या दक्षिण भागात निजलेल्या हरळीवर राय गवत पेरून मैदान हिवाळाभर हिरवे ठेवतात. तो उपाय देखणा खरा, परंतु वसंतात तेच पाहुणे गवत हरळीच्या वाटेत उभे राहते, आणि पाण्याचा खर्च वेगळाच. आपल्याकडे तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला, त्या थंडीतूनही हरळी पुढल्या उन्हाळ्यात निमूटपणे हिरवी झाली.

हिवाळ्यात गवत वाढत नाही, तेव्हा रोजंदारीची माणसे कमी करावीत, असा विचार ठिकठिकाणच्या कारभाऱ्यांच्या मनात दरसाल येतो. परंतु दव झाडणे, भेगा भरणे, पाती लावणे, भोकांच्या जागा राखणे ही सारी कामे त्या तीन महिन्यांतच करावयाची असतात आणि त्यांची उणीव दिसते ती मात्र एप्रिलात. म्हणून मैदानांच्या कारभाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, हिवाळ्याच्या हजेरीपटावरील एकाही माळ्याचे नाव खोडू नका.