वरच्या मजल्यावरचं वारं

मार्च 2014. सेलू तालुक्यातल्या आमच्या वावरात हरभऱ्याचा ढीग लागलेला, गहू काढणीला आलेला. दुपारभर रान तापलं आणि दिवस कलताना गारा सुरू झाल्या. गहू आडवा झाला, टाळकी ज्वारीची कणसं चिखलात गेली, ढिगातल्या घाट्यांना पुढं कोंब फुटले.

अवकाळी आम्हाला नवं नाही. पण एरवी एखाद्या दिवसात उरकणारी ही पीडा त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात फिरतच राहिली. कामून? पंचनाम्यात याला रकाना नव्हता.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या मित्रानं बोट वर केलं. हिवाळ्यात साधारण 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत धावतो, तो जेट प्रवाह. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग त्याला किरकोळ. नेहमी उत्तर भारतावरून जाणारा हा झोत तेव्हा बराच दक्षिणेला उतरला होता. वर थंड, कोरडी हवा. खाली तापलेली जमीन. आणि अरबी समुद्र, बंगालचा उपसागर अशा दोन्हीकडून आलेली वाफ. गरम हवा उसळते, वर पाणी गोठतं. वरचं जोराचं वारं ढगाला तिरपं करतं, त्यामुळं ढगाचाच पाऊस त्या उसळीवर पडून तिला दाबत नाही. ढग टिकतो, गार वाढत जाते.

तेव्हापासून मी आभाळ दोन मजली बघतो. थंडीत आखाड्यावरचा धूर कुठंही जावो, उंचावरचे पिंजलेले ढग बहुधा पूर्वेलाच पळतात. जूनच्या सुमारास हा झोत हिमालयापलीकडं सरकतो आणि पावसाळ्यात दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा दुसरा झोत येतो. तो 1950 च्या दशकात आपल्याच पी. कोटेश्वरम यांनी दाखवून दिला. जुलैत उघडीप मिळाली की बघावं: खालचे ढग पूर्वेला, वरचे पश्चिमेला.

आबांना हे दाखवलं. म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे, हरभरा कधी काढू ते सांग.”

रास्त प्रश्न. गार कोणत्या शिवारात पडेल हे झोतावरून कळत नाही. पण तो दक्षिणेला उतरतोय हे काही दिवस आधी दिसतं. विद्यापीठाच्या मंगळवार-शुक्रवारच्या हवामान सल्ल्यात जेटचं नावही नसतं, नुसतं ‘गारपिटीची शक्यता’. तेवढं वाचलं की आबा स्वतःच ताडपत्री काढायला लावतात.