हिंदमाता: पाणी ओसरल्यावर
लग्नाचा बस्ता असो वा ईदची खरेदी, हिंदमाताची कापडदुकाने आपल्या ओळखीची. पण हा भाग बशीसारखा खोलगट. भरतीत मुसळधार पाऊस झाला की आजूबाजूचे पाणी इथे उतरते आणि समुद्राकडे जाणारी वाट अडते. तळच्या फळीवरचे कापड भिजले तर धुऊनही त्याला पहिला भाव येत नाही. हंगामाची कमाई तिथेच संपते. रे रोडजवळ ब्रिटानिया उदंचन केंद्र झाले, तरी पाणी तुंबायचेच. मग 2021 मध्ये महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्यांचे काम हाती घेतले. भरतीत पाणी साठवायचे, ओहोटीला सोडायचे. साधीच युक्ती, उशिरा सुचलेली! जोराच्या पावसात पाणी आजही साचते, पण पूर्वीपेक्षा लवकर ओसरते.