खिळ्यापासून निघालेली भेग

घडीच्या चाकूची मूठ हाडाची असेल, तर भेग शोधायला फार हिंडावं लागत नाही. ती बहुतेक वेळा एखाद्या खिळ्यापाशी सापडते. खिळ्याच्या कडेला उगम, तिथून मुठीच्या लांबीला धरून केसाएवढी रेघ, आणि पुष्कळदा ती टोकाच्या धातूच्या बोल्स्टरला जाऊन भिडलेली. चाकू दुरुस्त करणारा भिंग डोळ्याला लावतो तो आधी तिथंच. मालक सांगत असतो, ‘कधीतरी हातातून पडला असेल.’ पण पडलेल्या चाकूचं हाड निराळं दिसतं. त्याच्या कोपऱ्याची ढलपी उडते, तडा वेडावाकडा जातो. खिळ्यातून निघालेल्या सरळ रेघेचा दोष मालकाच्या हाताला देण्यात अर्थ नसतो. तिची सुरुवात अनेकदा चाकू जोडला गेला त्याच दिवशी झालेली असते.

रचना तशी साधी. मध्ये पातं आणि त्याला ताण देणारी कमान, दोन्ही अंगांना पितळेचे किंवा निकेल सिल्व्हरचे पातळ पत्रे, त्यांवर हाडाच्या पट्ट्या. सगळं बारीक खिळ्यांनी जखडलेलं. खिळ्याचं टोक हातोडीनं पसरवायचं आणि मग घासून हाडाच्या पातळीला आणायचं. टोक पसरतं तसा खिळ्याचा दांडाही भोकात किंचित फुगतो. भोक आधीच घट्ट असेल, तर तो हाडाला आतून रेटू लागतो.

रेटा चहूबाजूंना सारखाच असतो, मग भेग नेमकी उभीच का जाते? हाडाचा वजनानं सुमारे दोनतृतीयांश भाग खनिज असतो, दहावा हिस्सा पाणी आणि उरलेलं मुख्यतः कोलॅजन. मुठीसाठी वापरतात त्या नडगीच्या हाडात सूक्ष्म नलिका आणि तंतू लांबीच्या दिशेनं रचलेले असतात. बांबू उभा सहज चिरतो, आडवा तोडायला कोयता लागतो, हाडाचंही तसंच. त्यात भोक म्हणजे आयती कमकुवत जागा. ताणलेल्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्ये गणितानं दाखवलं. पुढं १९१३ मध्ये इंग्लंडच्या इंग्लिस यांनी सांगितलं की छिद्र जितकं लांबट आणि टोकदार, तितका त्याच्या टोकाशी ताण अधिक. भेग हे अशा टोकदार छिद्राचं टोकाचं रूप. म्हणूनच एकदा पडलेली भेग फार जोर न लावताही पुढं सरकते. जाणता कारागीर भोक खिळ्यापेक्षा कणभर मोठं ठेवतो, ड्रिल सावकाश चालवतो आणि हातोडी हलकी पण जास्त वेळा मारतो. ड्रिल तापलं की जळक्या केसांचा वास येतो. तो कोलॅजन करपल्याचा वास. अशी पट्टी बाजूला टाकलेली बरी.

कारागिराचा हात निर्दोष असला तरी हवा असतेच. हाड कोरड्या हवेत आकसतं आणि दमट हवेत फुगतं; खिळा आणि पत्रा मात्र जागचे हलत नाहीत. आकसणारं भोक खिळ्याला आवळतं, खिळा हटत नाही, शेवटी हाड फाटतं. अमेरिकेत हिवाळ्यात तापवलेल्या घरांमधली हवा अगदी शुष्क होते, त्यामुळे ड्रॉवरमध्ये नुसत्या पडून असलेल्या चाकूलाही चीर जाते. आपल्याकडे कोकणातला पावसाळा काढून देशावरच्या एप्रिलमध्ये आलेल्या चाकूची हीच परीक्षा होते. खिळा लोखंडी असेल तर भानगड आणखी वाढते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि ती तो हाडाकडूनच वसूल करतो.

आता हे हाड येतं कुठून ते पाहू. त्यावर खाचा पाडून ते रंगवण्याची रीत मुळात सांबरशिंगाची नक्कल म्हणून आली. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चाकूवाल्यांकडे भारतातून सांबराची शिंगं जात. गेल्या शतकाच्या अखेरीस भारतानं त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली आणि खऱ्या शिंगाच्या मुठी महागल्या. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावची केस कंपनी आपल्या हाडाच्या मुठींसाठी ब्राझीलमधल्या झेबू गुरांच्या नडग्या वापरते. ब्राझीलमध्ये नेलोर म्हणतात ती गुरं आपल्या आंध्रच्या ओंगोल वंशाची, आणि गीरही तिथं इथूनच गेली. त्यामुळे सांबराची शिंगं थांबली तरी परदेशी चाकूंचा हिंदुस्थानाशी असलेला धागा तुटलेला नाही.

केसच्या चाकूंवरचा आकडा वाचता आला तर मूठ हाडाची आहे का, हे ओळखणं सोपं होतं. ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती आणि ५४ क्रमांकाचा नमुना. पण ६ वर डोळे झाकून विसंबू नये, कारण हाडाची टंचाई असताना डेलरिन या प्लास्टिकच्या मुठींवरही तोच ६ आलेला आहे. खात्री भिंगानं करावी. पट्टीच्या गुळगुळीत कडेला बारीक काळसर ठिपके दिसले तर त्या नलिकांची तोंडं, म्हणजे हाड. डेलरिनमध्ये ते नसतात. आणि डेलरिन हवेनं असं आकसतही नाही. व्यवहार पाहिला तर डेलरिनच सरस, तरी लोक हाडच मागतात.

भेगेचं वय तिच्या रंगावरून कळतं. काळी रेघ जुनी, वर्षानुवर्षांचा मळ बसलेली; पांढरी ताजी. मग नख आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही आणि रेघ जुनी असली, तर तिला हातही लावू नये. खिळा पुन्हा ठोकून पट्टी ‘घट्ट’ करण्याची हौस तर कुणीच करू नये. त्यानं चीर दुप्पट होते. नख अडकलं, कडा हलू लागली, तरच पातळ सायनोअॅक्रिलेट गोंदाचा एक थेंब सुईच्या टोकानं रेघेवर सोडायचा. भेग तो स्वतःच आत ओढून घेते. त्याआधी पात्याच्या सांध्यात तेल सोडलेलं असावं, नाहीतर गोंद तिथं झिरपतो आणि पातं कायमचं मिटतं. पट्टी बदलणं हा शेवटचा उपाय, कारण त्यात मूळ खिळे जातात आणि कारखान्याची जुळणीही मोडते.

तेलात बुडवून ठेवलं की भेग ‘भरते’, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात ती भरत नाही. आत हवेच्या जागी तेल गेल्यामुळे तिच्या कडांवरून प्रकाश पूर्वीसारखा परतत नाही आणि रेघ दिसेनाशी होते. तेल सुकलं की पुन्हा दिसते. विकाऊ चाकूंच्या बाबतीत ही युक्ती फार सोयीची पडते. म्हणून जुना चाकू घेताना मूठ नको तितकी तेलकट लागली, तर आधी ती कोरड्या फडक्यानं पुसून काढावी, चाकू दोन-चार दिवस उघड्यावर ठेवायला सांगावं, आणि भाव त्यानंतरच बोलावा.