सहा भोपळे आणि एकशे पंचेचाळीस

विजय हजारे करंडक हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेलच. राज्याराज्यांचे संघ या स्पर्धेत एकदिवसीय सामने खेळतात. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवारसुद्धा विदर्भाकडून त्यात खेळलाय. पण हे हजारे कोण? आमच्या गल्लीतल्या पोरांना विचारलं, तर एक जण म्हणतो, "कप देणारे शेठ असतील!" आता बोला!

शेठ कसले रे! १९१५ साली सांगलीत जन्मलेला हा मराठी माणूस भारताचा कप्तान होता. त्यांची मला आठवण झाली ती एका मुलामुळे. रविवारी पोस्टल ग्राउंडवर पोरांच्या मॅचेस असतात आणि स्कोअर लिहायचं काम माझ्याकडे असतं. परवा एकाने बासष्ट रन काढले, तरी त्याची टीम हरली. पॅड सोडता सोडता तो मला म्हणाला, "काका, हारलोच ना आपण! मंग माह्ये रन कायच्या कामाचे?"

मी त्याला ॲडलेडचा स्कोअर सांगितला. तुम्हीही ऐका.

जानेवारी १९४८. देश स्वतंत्र होऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि आपला संघ ऑस्ट्रेलियात ब्रॅडमनच्या संघाशी खेळत होता. त्यांनी ६७४ धावांचा डोंगर रचला. ब्रॅडमनचा त्रिफळा उडवला तो हजारेंनीच. आता, २०१ झाल्यावर उडवला ही गोष्ट वेगळी! आपण ३८१ केल्या. त्यात दत्तू फडकरच्या १२३ आणि हजारेंच्या ११६. फॉलोऑन मिळाला. पुन्हा खेळायला उतरलो, तर समोर लिंडवॉल नावाचा तुफान वेगाचा गोलंदाज. त्याने ३८ धावांत सात गडी टिपले. आपले सहा जण भोपळा घेऊन परतले. कप्तान लाला अमरनाथसुद्धा! आणि त्याच डावात हजारेंनी १४५ काढल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक ठोकणारे ते पहिले भारतीय. हेमू अधिकारींनी ५१ करून साथ दिली. बाकीचे आले तसे गेले. सामना आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो.

त्याआधीची एक गंमत सांगतो. १९४३-४४ च्या हंगामात मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हजारेंच्या संघाने एका डावात ३८७ केल्या, त्यातल्या एकट्या हजारेंच्या ३०९! समोर त्यांचा सख्खा भाऊ विवेक होता. दोघांनी मिळून ३०० ची भागी केली. त्यात विवेकच्या किती, ओळखा पाहू? फक्त २१. स्कोअरबुकात त्या २१ कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण तो पठ्ठ्या आउट झाला असता, तर ते तीनशे नऊ कुठून आले असते? तोही सामना ते हरलेच, बरं का.

पुढे हजारे कप्तान झाले. इंग्लंडविरुद्ध कप्तान म्हणून पहिल्याच कसोटीत नाबाद १६४, लगेच दुसरीत १५५. दोन्ही सामने मात्र अनिर्णित. मग फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिल्यांदा कसोटी जिंकली. वीस वर्षं वाट पाहिली होती, तो आपला पंचविसावा सामना होता. विनू मांकडने बारा बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं काढली. आणि हजारेंचं शतक? नव्हतंच. ज्या कप्तानाच्या हाताखाली देशाला पहिला विजय मिळाला, त्याच्या स्वतःच्या बॅटीतून त्या दिवशी मोठी खेळी आली नाही. कोण केव्हा कामी येईल, सांगता येतं का?

ते फार सावध कप्तान होते, असं लोक म्हणतात. खरंही असेल. चौदा कसोटींत तो एकच विजय. मला तर वाटतं, त्यांना कप्तानीच्या फंदात न पाडता नुसती बॅटिंग करू दिली असती, तर बरं झालं असतं. पण त्याच १९५२ सालच्या जूनमधलं लीड्स बघा. फ्रेड ट्रुमन पहिलीच कसोटी खेळत होता. आपला दुसरा डाव सुरू झाला आणि फलकावर लागलं, चार बाद शून्य! एकही धाव नाही आणि चार जण तंबूत. त्या पडझडीत हजारेंनी ५६ काढल्या, फडकरने ६४. सगळे मिळून १६५. सात गड्यांनी हरलो.

हे ऐकून तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, त्या विवेकचं नाव लिहून द्या ना."